ट्रायलच्या यादीत नाव लागायच्या आधी

विदर्भातल्या खेड्यातून नागपूर, पुणे, मुंबईच्या फुटबॉल ट्रायलला पोट्टे नेऊन आणायचं काम हाती घेतलं, की दोन-तीन फेऱ्यांतच एक गोष्ट ध्यानात येते. पोरगा बाद होतो तो बहुतेकदा चेंडूपाशी पोचण्याआधीच. जन्मदाखल्यावर त्याचं नाव नसतं, पायातले बूट कालच घेतलेले असतात, सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं म्हणून बाप सोडत नाही, किंवा रात्रभर जनरलच्या डब्यात उभे राहिलेले पाय सकाळी सातला उचलत नाहीत. खेळ कमी पडला असं म्हणायची वेळ त्यानंतर येते. म्हणून इथं खेळाच्या आजूबाजूचंच जास्त सांगितलं आहे, आणि ज्या क्रमानं करावं लागतं त्या क्रमानं.

पोरगा दहा-अकराचा झाला, वर्गातल्या पोरांपेक्षा चेंडू बरा खेळायला लागला, की आधी जन्मदाखला काढायचा. बूट नंतर. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं असते. म्हणजे दाखला पोराच्या गावच्या ग्रामपंचायतीत शोधून सापडत नाही. आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत, किंवा बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर त्या शहराच्या नगर परिषदेत शोधावा लागतो. सापडला तरी पुष्कळदा त्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त आईबापाचं असतं. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर कुणी फिरकलं नाही. नियमानं नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव लावता येतं. त्यानंतर अवघड होतं.

नोंदच नसेल तर आणखी वेळ धरायचा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २१ दिवसांची मुदत आहे. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि २०२३च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. ट्रायल पंधरा दिवसांवर आल्यावर हे होत नाही. शिवाय जन्मानंतर दहा वर्षांनी केलेल्या नोंदीकडं निवड करणारे संशयानं पाहतात, आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही.

मग शाळेचा दाखल-खारीज उतारा. पोराला शाळेत घालताना तारीख आठवत नसेल तर १ जून लिहून टाकायची पद्धत आपल्याकडं जुनी. जन्मदाखल्यावर ११ नोव्हेंबर, शाळेत १ जून, आधारवर तिसरंच काही, असं असलं की तिथंच थांबायचं. जन्मदाखला प्रमाण धरून शाळेची नोंद आधी दुरुस्त करायची, मग आधार. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत हे उरकलं पाहिजे. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही तिन्ही ठिकाणी एकच हवं. ज्ञानेश्वर एका कागदावर ‘डी’नं आणि दुसऱ्यावर ‘जी’नं सुरू होत असेल, तर ऑनलाइन नोंदणीत तो दोन माणसं होतो.

वय चोरायचा मोह इथंच होतो. दोन वर्षं कमी लावा, पोरगा चमकेल, असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक तालुक्यात आहेत. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात, हे त्यांना ठाऊक नसतं. वाढ सुरू असते तोवर हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या दिसतात, वयाबरोबर त्या बुजत जातात. त्यावरून अंदाज बांधला जातो. अंदाजच तो. लवकर वयात आलेला प्रामाणिक पोरगाही कधी त्यात अडकतो, म्हणून खरा कागद पक्का असणं आणखी गरजेचं. चोरलेलं वय पुढं नोकरीच्या फायलीतही सोबत येतं, ते वेगळंच.

यातच एक बारीक हिशेब आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, म्हणजे जवळपास एक वर्षाचा फरक. बारा-तेराच्या वयात ते वर्ष उंचीत आणि वेगात उघड दिसतं, आणि जगभरच्या अकादम्यांमध्ये वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त भरलेली असतात. तुमचा पोरगा दिवाळीच्या आसपासचा असेल तर तेराव्या वर्षीचा नकार मनावर घेऊ नका. सोळाव्या वर्षी पुन्हा न्या.

आता मैदान. काळ्या कापसाच्या जमिनीवर फुटबॉल खेळणं म्हणजे वर्षातून दोनदा तिच्याशी भांडण. पावसाळ्यात ती फुगते, चपलेला चिकटते. उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात आणि पंजा अख्खा आत जाईल इतक्या त्या रुंद होतात. घोटे मुरगळतात ते मार्च ते मे या दिवसांत. उपाय मुरूम, पण हिशेब करून. ६० बाय ४० मीटरच्या मैदानावर १० सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर २४० घनमीटर, म्हणजे सुमारे ८५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण एक ट्रॉली). दबाई केल्यावर थर बसतो म्हणून पाव हिस्सा जास्त धरला तर शंभराच्या वर ट्रॉल्या होतात. ग्रामपंचायत एवढं देत नाही. सुरुवातीला फक्त जिथं माती जास्त उखडते तिथं टाकावा: दोन्ही गोलांसमोर १८ बाय ८ मीटर आणि मधोमध १० बाय १०. हे १७-१८ ट्रॉल्यांत भागतं. आधी भेगा पाणी सोडून बुजवायच्या, वाफसा आला की रोलर फिरवायचा, मग मुरमाचा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. ओल्या चिखलावर मुरूम टाकला तर पहिल्याच पावसात तो खाली जातो आणि पैसे मातीत. पट्ट्यांच्या कडा उतरत्या ठेवायच्या, नाहीतर पायरी तयार होऊन तिथंच पाय अडतो. मुरूम गौण खनिज आहे, तहसीलची परवानगी आणि रॉयल्टीची पावती जवळ असू द्या. ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान, जमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. मैदान तयार झाल्यावर तिथं दुसरंच काही उभं राहिलेलं आम्ही पाहिलं आहे.

दिवाळीनंतर रिकाम्या वावरात खेळायचा बेत पोरं करतात. सोयाबीनच्या वावरात चालेल, तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या (कापसाच्या) नाही. ती धसकटं कापड आणि कातडी दोन्ही फाडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर खेळूच देऊ नका.

गोल २४ बाय ८ फुटांचाच लावावा, निदान तेरा वर्षांच्या वरच्यांना. लहान गोलात वाढलेला गोलकीपर ट्रायलला गेला की त्याचे सगळे कोन चुकतात. खांबापासून तो नेहमी दोन पावलं दूर उभा असतो. जीआय पाइप बाजारात २० फुटांचा मिळतो आणि आडवा दांडा २४ फुटांचा लागतो. वेल्डर मधोमध जोड देतो, आणि पोरं लटकून लटकून दांडा तिथंच वाकतो. जोड दोन द्यायचे, दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांचे तुकडे, आत पाइपचाच बारीक तुकडा घालून. उभे खांब अडीच फूट जमिनीत, काँक्रीटमध्ये. काळ्या मातीत खांब नुसता गाडला तर पावसाळ्यानंतर तिरपा होतो. जमिनीवर नुसता ठेवलेला लोखंडी गोल कधीच नको. तो पोरांच्या अंगावर पडून जीव गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. जाळीसाठी भंडारा-गोंदियाकडचे ढिवर मासेमारीला वापरतात ती जुनी नायलॉनची जाळी स्वस्त पडते आणि टिकते.

काटकोन काढायला दोरी पुरते: एका बाजूला ९ मीटर, दुसऱ्या बाजूला १२, आणि तिरपं अंतर १५ भरलं की कोपरा बरोबर. रेषा फक्कीच्या मारायच्या, चुन्याची कळी विरवून नाही. डोळ्यात गेली तर डोळा जळतो.

चेंडू पाच नंबरचा, १२ वर्षांखालच्यांना चार नंबरचा. शिवणीचा चांगला चेंडू मुरमावर दोन महिन्यांत धागे सोडतो, म्हणून रोजच्या सरावाला मोल्डेड रबराचा आणि आठवड्यातून एकदा शिवणीचा, असे दोन ठेवावेत. हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय इतका नियमात बसतो. कडक जमिनीवर खालच्या आकड्याजवळ ठेवला की उसळी आवाक्यात राहते. पंपाची सुई कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो. ग्लिसरीनचा एक थेंब लावा, तेही नसेल तर थुंकी.

आपल्या जमिनीनं पोरांना ज्या सवयी लावलेल्या असतात त्या ट्रायलला उघड्या पडतात. मुरमावर चेंडू वेडावाकडा उसळतो म्हणून पोरगा तो आधी तळव्याखाली दाबतो, मग पाहतो, मग मारतो. टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या मैदानावर, या तीन कामांत समोरचा येऊन चेंडू घेऊन गेलेला असतो. खाली पास दिला की तो दगडाला लागून फिरतो, म्हणून सगळे उचलून लांब मारतात. घसरून टॅकल करणं, म्हणजे घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला चेंडू काढणं, कुणालाच येत नाही, कारण मुरमावर घसरला तर मांडी सोलते. यावर उपाय आहेत. शाळेच्या भिंतीवर, मुख्याध्यापकांना विचारून, पाच मीटरवरून रोज २०० वेळा उजव्या आणि २०० वेळा डाव्या पायानं. पहिला स्पर्श पायाच्या आतल्या बाजूनं, चेंडू थांबवायचा नाही, पुढं सरकवायचा. पाठीमागं दुसऱ्या पोरानं बोटं दाखवायची, आणि चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून बोटांचा आकडा ओरडायचा. शहरातले प्रशिक्षक ज्याला स्कॅनिंग म्हणतात ते हेच, आणि त्याला एक रुपया लागत नाही. घसरणं नदीच्या ओल्या वाळूत शिकवावं. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा कुठलीही चालते. आणि ट्रायलच्या आधीच्या महिन्यात निदान चारदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या टर्फवर. तासाचं भाडं चौदा पोरांत वाटलं की परवडतं.

दम मोजायला यो-यो चाचणी घ्या. २० मीटर जायचं, २० मीटर परत, मग १० सेकंद चालत विश्रांती. वेग ताशी १० किलोमीटरपासून टप्प्याटप्प्यानं वाढतो. तिचा ऑडिओ मोबाइलवर मिळतो, दोन डबे आणि मोजायचा टेप एवढंच सामान. व्यावसायिक खेळाडू तिच्या पहिल्या पातळीत २,००० मीटरच्या वर जातात. सोळा वर्षांचा पोरगा १,२००वर थांबत असेल तर त्याला ट्रायलला न्यायची घाई नको.

पण ही चाचणी घ्यायच्या आधी सिकलसेलची तपासणी. आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार, याबद्दल विदर्भात जरा सविस्तर बोलायलाच हवं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच तो दोष आलेले, पुष्कळ आहेत, आणि वाहक असलेल्याला एरवी काहीच त्रास होत नाही, म्हणून त्याला स्वतःला ते माहीत नसतं. धोका येतो तो उन्हात, शरीरात पाणी कमी असताना, दम लागेपर्यंत सलग धावल्यावर. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, स्नायूंना रक्त पोचत नाही, पोरगा कोसळतो. हे उष्माघातासारखं दिसतं, पण फरक आहे: पायात वाम आल्यासारखे स्नायू कडक होऊन आखडत नाहीत, तर एकदम दुबळे पडतात, आणि पोरगा शुद्धीत असतो, बोलत असतो. त्याला ‘नाटक करू नको, ऊठ’ म्हणून पळवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. सावलीत निजवायचं, पाणी द्यायचं, लगेच दवाखान्यात न्यायचं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्त तपासण्यांनी वाहक की रुग्ण ते कळतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ला सुरू झाल्यापासून तपासणीचे कॅम्पही लागतात. वाहक असणं म्हणजे खेळ बंद असं अजिबात नाही. सराव हळूहळू वाढवायचा, सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात दमाच्या चाचण्या नाहीत, पाणी मागितलं की लगेच, आणि पोरगा थांबतो म्हणाला की थांबवायचं. रुग्ण असेल तर निर्णय डॉक्टरांचा. ट्रायलच्या ठिकाणच्या प्रशिक्षकालाही हे आधी सांगून ठेवा. निवड जाईल या भीतीनं लपवू नका.

उन्हाचं तर सगळ्यांनाच. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी साडेपाच ते साडेसात, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. मधली वेळ विसरा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकायचं नाही, जास्त पडलं तर उलटं होतं.

खाण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. ५५ किलोच्या पोराला दिवसाला साधारण ८० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २५, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, चाळीस-पन्नास ग्रॅम शेंगदाणे १०-१२, आणि उरलेलं भाकर-वरणातून निघतं. पावडरीचा डबा नको. एकच पथ्य: सामन्याच्या तीन तास आधी पोटभर, नंतर केळं सोडून काही नाही. बसस्टँडवरचा सांबारवडा तर सामना झाल्यावरच.

दुखापतीत घोटा सुजला की पहिले दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी, पाय उंच. गरम तेलानं चोळणं नाही, हाडवैद्याकडं ओढून घेणं नाही. बारा-तेराच्या पोराच्या गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते बहुधा वाढीच्या वयातलं दुखणं. उड्या कमी करायच्या, डॉक्टरांना दाखवायचं, घाबरायचं नाही.

आता वर्षाचं पत्रक. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. सुब्रोतो मुखर्जी करंडक ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धाही, जी १९६०पासून चालू आहे, शाळेमार्फतच. प्रवेशिका शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं मुदतीत भरली तरच. म्हणून सातवीनंतर जिल्हा परिषदेची शाळा संपते तेव्हा आठवीची शाळा निवडताना एकच विचारा: गेल्या तीन वर्षांत फुटबॉलची प्रवेशिका भरली का? तिथं पटांगण मोठं आहे, इमारत नवी आहे, यानं काही होत नाही. चौदा वर्षांखालच्या शालेय गटातूनच राज्य शासन आणि जर्मनीचा बायर्न म्युनिक क्लब यांच्या करारातल्या स्पर्धेत २०२३ला २० मुलं म्युनिकला गेली. असा योग आला तर पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टला पुन्हा तोच जन्मदाखला.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिला सामना हरला की वर्ष संपलं. खेड्यातला चांगला पोरगा अख्ख्या वर्षात दोनच खरे सामने खेळतो, अन् तिकडं लीगमधला पोरगा वीस. ही दरी कुठल्याही सरावानं भरत नाही. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी नागपूरच्या जिल्हा लीगमधल्या एखाद्या क्लबात, खालच्या विभागात का होईना, नाव लावायचं. कामठीला छावणीच्या काळापासून फुटबॉल मुरलेला आहे, तिथले क्लब बाहेरच्या पोराला नाही म्हणत नाहीत. नागपुरातच २००१पासून विजय बारसे यांची स्लम सॉकर झोपडपट्टीतल्या मुलांना खेळवते आहे.

हे सगळं शेतीच्या हंगामाशी जुळवायचं असतं. शालेय सामने रंगात येतात तेव्हा सोयाबीन सोंगणी, पुढं कापूस वेचणी. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलला मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. सोळा वर्षांचा पोरगा घरात एक पूर्ण रोजी असतो. बापाला स्वप्न सांगून उपयोग नाही, खाड्यांचा आकडा सांगा: या हंगामात एकूण इतके दिवस, यातले इतके रविवार, सोंगणीच्या आठवड्यात एकही नाही. आणि सांगितलेला आकडा पाळा. एकदा मोडला की पुढच्या वर्षी दार बंद.

क्लबात नाव लावलं की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी होते. एका वेळी एकाच क्लबात. इथं दोन चुका होतात. एक, कुणीतरी ‘फक्त आधार दे’ म्हणून पोराची नोंदणी परस्पर करून टाकतो आणि खऱ्या क्लबाची वेळ येते तेव्हा तो अडकलेला सापडतो. दुसरी, गावचा क्लब संघटनेशी संलग्नच नसतो. फिफाच्या नियमानुसार पुढं दुसऱ्या देशातल्या क्लबानं पैसे मोजून खेळाडूला घेतलं, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येकाला अर्धा. पण नोंदणी असेल तरच. हे दूरचं आहे, मान्य. तरी दोन पानांचा अर्ज भरायला काय जातं?

ट्रायलचा मेसेज व्हॉट्सॲपवर आला की आधी तो कुठून आला ते पाहायचं. महासंघ अकादम्यांना ताऱ्यांचं मानांकन देतो, ती यादी जाहीर असते. नवी मुंबईची रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स (२०१५) किंवा जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी (१९८७) अशा ठिकाणी निवड झालेल्या मुलाचा खर्च संस्थाच करते. फी घेणाऱ्या अकादम्या सगळ्याच खोट्या असतात असं नाही. पण फी एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर मागितली, शंभरातले नव्वद निवडले गेले आणि आठवड्यात हॉस्टेलचे लाखभर रुपये भरा म्हणून पत्र आलं, तर ते दुकान आहे. ‘स्पेनच्या क्लबात करार’ म्हणून पंधरा वर्षांच्या पोराच्या बापाला वावर गहाण टाकायला लावणारे तर सरळ फसवे: अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली फिफाच्या नियमात मोजके अपवाद सोडून बंदच आहे.

जायचं ठरलं तर एक दिवस आधी पोचा. पुण्याला गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, मुंबईला विदर्भ किंवा सेवाग्राम. रिझर्व्हेशन मिळालं नाही तर ट्रायलच्या आदल्या रात्रीची गाडी धरायची नाही, दोन रात्री आधीची धरायची. पोचल्यावर भिंतीला पाय टेकवून पंधरा मिनिटं, मग अर्धा तास चालणं. पिशवीत मूळ कागद, प्रत्येकी तीन झेरॉक्स, सहा फोटो, पालकाचं सहीचं संमतीपत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, दोन मोजे, शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच). शिनगार्ड नियमानंच सक्तीचे आहेत, आणि गावात कुणी ते घालत नाही. मग त्या दिवशी पहिल्यांदा घातलेला पोरगा पाय आखडून धावतो. महिनाभर आधी सवय लावा. बूट अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा ठेवून घ्या, निदान पंधरा दिवस वापरलेले असू द्या. ट्रायल टर्फवर की गवतावर ते आधी विचारा. लांब स्टड (बुटाच्या तळाचे खुंट) टर्फवर चालत नाहीत आणि गेटवरून परत पाठवतात.

प्रत्यक्ष मैदानावर बिब (संघ ओळखायला वरून घालायचं रंगीत जाकीट) मिळतं आणि दहा-पंधरा मिनिटांचा सामना. पूर्ण ९० मिनिटांतही एका खेळाडूच्या पायाशी चेंडू दोन-तीन मिनिटंच असतो. पंधरा मिनिटांत जेमतेम अर्धा मिनिट. उरलेल्या वेळात पाहणारा काय पाहतो? चेंडू गेल्यावर पोरगा कमरेवर हात ठेवतो की मागं धावतो, सोबत्याला हाक देतो की गप्प उभा राहतो, मान फिरते की नाही. ‘कुठं खेळतोस’ विचारल्यावर ‘कुठीबी खेयतो सर’ हे उत्तर देऊ नये. एक जागा सांगावी. सगळ्या गावातून स्ट्रायकर येतात. डाव्या पायाचा लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) आणि हात मऊ असलेला गोलकीपर शंभरात दोन असतात. वॉर्मअप स्वतःचा स्वतः वीस मिनिटं आधी उरकावा, कारण नाव पुकारलं की थेट मैदानात.

निवड झाली आणि करार पुढं आला तर वाचल्याशिवाय सही नाही, आणि अठराच्या आत असेल तर पालकाची सही. फिफाच्या नियमात अठराखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून जास्त नसतो, इतरांचा पाच. वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबाला लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, आणि मग करार मोडायचा हक्क खेळाडूला आहे. हे कागदावरचं झालं. देशातली अव्वल लीगसुद्धा २०२५-२६च्या हंगामात ठरल्या वेळी सुरू झाली नाही आणि काही क्लबांनी मोठ्या संघाचं काम थांबवलं, हेही बापाला आधीच सांगावं.

त्यामुळं बारावी सुटू द्यायची नाही, आणि प्रमाणपत्रांची फाइल पहिल्या तालुका स्पर्धेपासून ठेवायची. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं होते, आणि तेव्हा विचारतात की स्पर्धेत संघ किती होते, तुम्ही खेळलात कधी, संघाची यादी कुठं आहे. आठ वर्षांनी आयोजक सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक स्पर्धेनंतर संघयादीची आणि निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्यायची. लॅमिनेशन करू नका, शिक्का आणि शाई तपासता येत नाही. फाइल पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून दूर, विटांवर ठेवावी. मातीच्या घरात उधळी (वाळवी) तळापासून चढते.